तत्त्वज्ञांच्या बागेंतील अकरा मूर्ती

तोक्यो नगरींत, नाकानो भागांतून वाहणाऱ्या म्योशोजी नदीच्या कांठीं, ‘तेत्सुगाकुदो’ नांवाचें एक जुनें उद्यान आहे. ‘तेत्सुगाकु’ म्हणजे तत्त्वज्ञान. तेव्हां यास तत्त्वज्ञान-मंदिर म्हणावयास हरकत नाहीं. येथें नांदोर वाग्नर या हंगेरियन शिल्पकाराच्या अकरा मूर्ती उघड्या आभाळाखालीं उभ्या आहेत असें ऐकून आम्ही मुद्दाम वाट वाकडी केली.

उद्यानाचे जनक इनोउए एन्र्यो (१८५८–१९१९) हे बौद्ध पुरोहिताच्या घरीं जन्मले. १८८७ सालीं त्यांनीं काढलेली तत्त्वज्ञानाची शाळा म्हणजेच आजचें तोयो विश्वविद्यालय. १९०४ सालीं त्यांनीं या जागीं बुद्ध, कन्फ्यूशियस, सॉक्रेटीस व कांट या चौघांचें मंदिर बांधलें. पुढें सहा ज्ञानी पुरुषांसाठीं मनोरा उभारला. त्या सहांत आपले नागार्जुन व कपिल आहेत. तत्त्वविद्येच्या तीन आद्य पुरुषांसही येथें स्थान आहे. त्यांत ग्रीसचा थेलीस व चीनचा पीत सम्राट् यांच्या पंक्तीस न्यायदर्शनाचे अक्षपाद आहेत. जपानी लोक तें नांव ‘पाय’ व ‘डोळा’ या दोन अक्षरांनीं लिहितात, म्हणजे अर्थासह जपतात.

वाग्नर १९२२ सालीं आजच्या रुमानियांतील ओरादेआ येथें जन्मले. १९५६ चा उठाव चिरडला गेल्यावर त्यांनीं हंगेरी सोडली, कांहीं वर्षें स्वीडनमध्यें काढलीं आणि अखेरीस जपानांत माशिको गांवीं घर केलें. १९९७ सालीं ते वारले. त्यांच्या या मूर्तिसमूहाचा एक संच बुडापेस्टच्या गेलेर्ट टेकडीवर २००१ सालीं, व एक या उद्यानांत २००९ सालीं बसविण्यांत आला.

मूर्तींचे तीन गट आहेत. पहिल्यांत आखेनातेन, अब्राहम, बुद्ध, लाओत्से व येशू. दुसऱ्यांत बोधिधर्म, असिसीचे संत फ्रान्सिस व महात्मा गांधी. तिसऱ्यांत हम्मुराबी, जस्टिनियन व शोतोकु राजपुत्र. प्रथमदर्शनीं ही थोरांची नुसती गर्दी वाटते. पण अंमळ थांबून पाहतां क्रम ध्यानांत येतो. पहिले विचाराचे प्रवर्तक, दुसरे तो विचार आचरणांत आणणारे, तिसरे कायदा रचणारे. आपल्या परिभाषेंत सांगावयाचें तर विचार, आचार आणि व्यवहार. कारण स्मृतींत ‘व्यवहार’ म्हणजे न्यायनिवाडाच. विचार कायद्यापर्यंत पोंचला नाहीं तर माणसाचें काय होतें, हें मायभूमि सोडावी लागलेल्या कलावंतास निराळें सांगावयास नको होतें.

गांधीजींच्या मूर्तीपाशीं आमचा नातू हर्षानें थांबला. मग त्यानें विचारलें, “आजोबा, सॉक्रेटीस मला ठाऊक आहेत, पण अक्षपाद कोण?” दोष मुलाचा नव्हे. त्याच्या शाळेच्या पुस्तकांत तें नांव नाहीं, आणि शिकलेल्या घरांतील बोलण्यांतही तें आतां ऐकूं येत नाहीं. परक्या देशांतील एका पुरोहितपुत्रानें ज्यांस शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वीं मानाचें स्थान दिलें, त्यांची ओळख आपल्या मुलांस तेथें जाऊन व्हावी, हें मनास लागतें.

आणखी एक गोष्ट. न्यायदर्शनाच्या प्रमाणांवर नागार्जुनांनीं कठोर आक्षेप घेतले. कपिलांचें मत दोघांहूनही वेगळें. तरी एकाच बागेंत तिघांस मान आहे. मूर्ती शेजारीं बसविल्यानें मतें एक होत नाहींत, व तीं व्हावींत असेंही नाहीं. मान देण्यास मतैक्य लागत नाहीं. एकत्र कुटुंबांत आजोबांची संध्या, मुलाचें विज्ञान आणि नातवाची शंका एका छपराखालीं नांदावयाचीं असतील, तर हाच धडा घरोघर गिरवावा लागेल. शंका विचारणाऱ्यास गप्प न बसवितां त्याला अक्षपादांची गोष्ट सांगावी. शंकेचें समाधान वादानें कसें करावें, हेंच तर त्या ऋषीनें शिकविलें.