पडणाऱ्याची बाही



संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर आम्ही काही जण सभागृहात ज्युदोच्या चटया अंथरतो. सध्या सराव चालू आहे तो गोनोसेन-नो-काताचा. गो-नो-सेन म्हणजे समोरच्याच्या चालीनंतर आपण घेतलेला पुढाकार. ठरलेल्या क्रमाने 12 हल्ले आणि त्यांवर 12 उलटडाव. जिगोरो कानो यांनी 1882 साली स्थापन केलेल्या कोदोकानच्या अधिकृत कातांत हा नाही. युरोपात मात्र तो चांगला रुजला.

पहिलीच जोडी बघा. समोरचा ओसोतो-गारी घालायला, म्हणजे आपला पाय मागून उडवायला येतो. आपण तोल सावरतो आणि त्याच डावाने त्याला पाडतो. पण त्याचा हल्ला खरा हवा. लुटुपुटूच्या हल्ल्यातून कुणीच काही शिकत नाही. आणि तो पडताना त्याची बाही सोडायची नाही, म्हणजे त्याचे डोके आपटत नाही.

आमच्यात दोन सख्खे भाऊ आहेत. शेताच्या वाटणीवरून त्यांचे बोलणे तुटलेले. जोडीला नेमके तेच एकमेकांच्या वाट्याला आले. कित्येक दिवस नुसती धरपकड, चेहरे दगडासारखे. परवा धाकट्याने थोरल्याला पाडले आणि बाही घट्ट धरून ठेवली. "दादा, लागलं नाही ना?" एवढेच तो बोलला. वाटणीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पण परवा दोघे एकाच स्कूटरवर घरी गेले.

घरात, धर्मग्रामात कधी ना कधी कुणी आपल्या अंगावर येतेच. उत्तर देणेही कधी भाग पडते. तेव्हा पडणाऱ्याची बाही आपल्या हातून सुटू नये, एवढेच प्रभूपाशी मागू या.