घरीच यायचं होतं!

हुडकेश्वरला पहाटे चार वाजता कुत्री जागी असतात आणि मी. शेजारच्या आजींनी एकदा सडा टाकता टाकता विचारलंच, "काहून पळून राह्यला रे? मागं कोणी लागलं का?"

मागे लागली होती अल्ट्रा-मॅरेथॉन! मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची, त्याहून लांब ती अल्ट्रा. दक्षिण आफ्रिकेत 1921 मध्ये सुरू झालेली 'कॉम्रेड्स' डर्बन आणि पीटरमॅरित्झबर्ग या शहरांमध्ये होते. हो, तेच पीटरमॅरित्झबर्ग, जिथे 1893 मध्ये गांधीजींना आगगाडीतून उतरवलं होतं. अंतर जवळजवळ 90 किलोमीटर. म्हणजे आपण पळत उमरेडला जायचं आणि पळतच परत यायचं! वेळ बारा तास. बारा तास भरले, की एक माणूस धावणाऱ्यांकडे पाठ करून बंदूक उडवतो. एका सेकंदानं चुकलात तरी पदक नाही.

मी ठरवलं, आधी 50 तर पळू. उमरेड रोडनं पंचवीस जायचं, पंचवीस यायचं. मार्च महिना होता. पहिले तीस मजेत गेले. (कोणाला सांगू नका, मी गात होतो.) मग कुणी नळ बंद करावा तसं पायातलं बळच गेलं. शरीरात साठलेली साखर साधारण तेवढ्यातच संपत येते. म्हणून जाणते धावपटू वाटेत खातात, चढावर चक्क चालतात. मी मात्र चालणं म्हणजे हरणं समजत होतो! खाल्लं काहीच नाही, नुसतं पाणी ढोसलं. घामातून मीठ जातं आणि नुसत्या पाण्यानं रक्तातलं उरलेलं मीठही पातळ होतं, हे कुठं ठाऊक होतं? अडतिसाव्या किलोमीटरला डोकं गरगरलं. मटकन खाली बसलो. बारा उरले होते. उठू की नको?

टपरीवाल्या काकांनी मीठ-साखर घालून लिंबूपाणी दिलं. "कुठं जाचं हाय?"

"हुडकेश्वर."

"मंग ऑटोनं जा ना बाप्पा!"

गेलो. ऑटोत रडलोसुद्धा. दुसऱ्या दिवशी जिना उतरता येईना. आणि पुण्याचे आशिष कासोदेकर 2021-22 मध्ये साठ दिवस रोज एक मॅरेथॉन पळाले होते! रोज सकाळी ते उठत कसे असतील?

पुढच्या जानेवारीत खिशात मीठ लावलेले उकडलेले बटाटे घेऊन निघालो. पस्तिसाव्याला पाय पुन्हा संपले. या वेळी मुकाट्यानं चाललो, बटाटा खाल्ला. अर्ध्या तासानं पाय आपणहून पळायला लागले! संपलेले पाय परत कुठून येतात, ही गंमत बघायलाच मी आता पळतो.

आठ तासांनी गल्लीत शिरलो. आजी दारातच होत्या.

"किती पळाला आज?"

"पन्नास किलोमीटर, आजी."

"अन् आला कुठं? घरीच!"