काचीगुड्याहून तारनाक्याकडे

मनमाडकडून रात्रीची निघालेली गाडी जालना, परभणी, नांदेड ही ठाणी अंधारात मागे टाकून निजामाबादेपुढच्या खडकाळ मुलखात शिरते आणि उजाडल्यावर काचीगुड्याच्या घुमटदार स्थानकात येऊन विसावते, तेव्हा आपण महाराष्ट्राबाहेर आलो ही गोष्ट मनाला मुद्दाम पटवावी लागते. कारण 1900 च्या सुमारास पुऱ्या झालेल्या या गोदावरी खोऱ्याच्या लोहमार्गाने जे मराठी लोक अर्धशतकभर इथे उतरत राहिले, ते आपल्याच निजामी राज्याच्या राजधानीत, हैदराबादेत, येत होते. मामलतीचे काम, हायकोर्टातले अपील, मुलाचे शिक्षण, यांपैकी काही ना काही प्रत्येकाच्या गाठोड्यात असे; आणि काम आटोपल्यावर परत जाण्याचा बेत पुष्कळांच्या बाबतीत मागे पडला.

स्थानकाबाहेर पडून सुलतान बाजाराच्या दिशेने चालू लागले की बडी चावडी, इसामिया बाजार, गवळीगुडा, जामबाग ही मराठी बिऱ्हाडांची जुनी ठिकाणे एकामागून एक भेटतात. रेसिडेन्सीच्या कोठीभोवतालचा बाजार 1933 पर्यंत इंग्रज रेसिडेंटाच्या अंमलाखाली असल्याने, ज्या सभा-संमेलनांना निजामी हद्दीत परवानगीसाठी खेटे घालावे लागत त्यांना येथे थोडी मोकळीक मिळे. हैदराबादेतील मराठी वस्ती वाढली ती शाळा आणि ग्रंथालय यांच्या भोवती. ज्या राज्यात दरबारी भाषा आधी फारसी आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दू, तेथे मातृभाषेची सोय रयतेने आपल्या खर्चाने करावी हे ओघानेच आले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विवेकवर्धिनी पाठशाळा निघाली आणि 1922 मध्ये इसामिया बाजारातील मराठी ग्रंथसंग्रहालय. या उद्योगात अग्रणी होते ते परभणीकडून वकिलीसाठी आलेले आणि पुढे हायकोर्टाच्या न्यायासनापर्यंत पोहोचलेले केशवराव कोरटकर; त्यांच्या नावाची केशव मेमोरियल ही शाळा नारायणगुड्यात 1940 पासून चालू आहे.

परंतु या गौरवाबरोबर एक अप्रिय प्रसंगही नोंदला पाहिजे, आणि तो सांगताना आपले मराठी लोक बहुधा आवाज खाली आणतात. नोव्हेंबर 1921 मध्ये याच विवेकवर्धिनीच्या सभागृहात महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली समाजसुधारणा परिषद भरली असता, आलमपल्ली वेंकटरामराव हे तेलुगूत बोलावयास उभे राहिले आणि श्रोत्यांतील मराठी मंडळींनी त्यांची टर उडवली. ज्या शहरात आपल्या भाषेला दरबारात जागा नाही म्हणून आपण तक्रार करीत होतो, त्याच शहरात राज्यातील सर्वाधिक लोकांच्या भाषेला आपण आपल्या व्यासपीठावर जागा दिली नाही. त्या अपमानातून आंध्र जनसंघ जन्मास आला, त्याचीच पुढे आंध्र महासभा झाली, आणि तेलंगणाच्या अर्वाचीन राजकारणाचा उगम शोधणाऱ्या कोणालाही या सभागृहाशी थबकावे लागते. सुधारकांच्या परिषदेने घडवलेली सर्वांत मोठी सुधारणा ही अशी अनवधानाने घडली, असे म्हणावयास हरकत नाही!

काचीगुड्याहून सिकंदराबादेकडे जाणारी लोकल पकडली की जामिया उस्मानिया आणि आर्ट्स कॉलेज ही स्थानके लागतात. तेथून उस्मानिया विद्यापीठाच्या आवारातून पायी निघालेला मनुष्य तारनाक्याला बाहेर पडतो. 1918 मध्ये स्थापन झालेल्या, त्या काळी उर्दू माध्यमाच्या या विद्यापीठाची गुलाबी दगडाची भव्य इमारत, बेल्जियन स्थपती जास्पर यांच्या आराखड्यानुसार उभारली जाऊन, निजाम मीर उस्मान अली खान यांच्या हस्ते डिसेंबर 1939 मध्ये खुली झाली. त्याच्या वर्षभर आधी, वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हटल्याच्या अपराधासाठी येथील शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले होते आणि त्यांतील बहुतेकांना नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू केदार यांनी आश्रय दिला होता. तरीही मराठीचा विभाग याच आवारात होता, आणि मुक्तेश्वर-मोरोपंतांचे अभ्यासक ना. गो. नांदापूरकर येथेच शिकवीत.

मग 1 नोव्हेंबर 1956 उजाडला. हैदराबाद संस्थानाच्या सोळा जिल्ह्यांपैकी मराठवाड्याचे पाच मुंबई राज्यात गेले, आणि घर न हलवता, गल्ली न बदलता इथला मराठी माणूस परप्रांतीय झाला. इथली मराठी साहित्य परिषद औरंगाबादेस गेली; 1958 मध्ये तेथे विद्यापीठ निघाल्यावर विद्यार्थ्यांचा ओघही आटला. सेतुमाधवराव पगडी यांच्यासारखे निजामी मुलकी खात्यात घडलेले विद्वान अधिकारी मुंबईकडे वर्ग झाले. राहिले ते ज्यांची घरे इथे होती ते.

त्यांच्या पूर्वजांचा ठावठिकाणा मात्र तारनाक्यालाच लागतो. तेलंगणाचे राज्य अभिलेखागार येथे आहे, आणि त्यात 1406 सालच्या फिरोजशहा बहमनीच्या फर्मानापासून शहाजहान-औरंगजेबांच्या दख्खनी कारभारापर्यंतचे लक्षावधी कागद आहेत. निजामांच्या आसफजाही राज्याचा हिशेब दोन वंशपरंपरागत दफ्तरदारांकडे असे. त्यांपैकी दफ्तर-इ-दिवाणी रायरायां या मराठी ब्राह्मण घराण्याकडे होते, आणि सनदा, जहागिरी, मनसबी यांच्या नोंदी त्यांच्या कारकुनांच्या हातून होत, तो शिरस्ता दिवाण पहिले सालारजंग यांनी एकोणिसाव्या शतकात मोडेपर्यंत. म्हणजे रेल्वे आणि शाळा येण्याच्या कितीतरी आधी मराठी माणूस येथे स्थिरावला होता, आणि तो लेखणीच्या बळावर.

या संग्रहात फारसी-उर्दूच्या जोडीला मोडी कागदही आहेत. मोडीचे वर्ग आता महाराष्ट्रात ठिकठिकाणी चालतात; त्यांतून तयार होणाऱ्या तरुणांनी पुण्याच्या पेशवे दफ्तरावरच न थांबता थोडी फारसी शिकावी आणि काचीगुड्याचे तिकीट काढून तारनाक्याला यावे. हैदराबादच्या मराठी लोकांचा सविस्तर इतिहास लिहावयाचा तर तो येथूनच लिहावा लागेल.