पिंजारी आणि पिंजरा यांचा काही संबंध नाही

संपादकांनी फोनवर विषय सांगितला तो असा : ‘आडनावांच्या गमतीजमती’. तक्ते नकोत, तळटिपा नकोत, व्युत्पत्ती बेताची. प्रस्तुत लेखकाची बरीच वर्षं खान्देशातल्या मतदारयाद्या, शाळांची जनरल रजिस्टरं आणि लग्नपत्रिका चाळण्यात गेली. त्यात गमती सापडल्या नाहीत असं नाही. पण ज्याला त्याला गंमतच हवी असते, किंवा मग चितोडगड. ‘आमचं मूळ राजस्थानात ना?’ असं विचारणाऱ्याला ‘नाही, तुमचं मूळ पारोळ्याच्या तलाठ्याच्या दौतीत आहे’ असं सांगितलं की चहा अर्धवट राहतो. (लेखात ‘मी’ न लिहिण्याची लेखकाची जुनी खोड संपादकांनी खपवून घेतली, त्याबद्दल आभार.)

तर गमतीजमती बाजूला ठेवून एकच आडनाव घेऊ. त्याला कारण गेल्या उन्हाळ्यात घडलेलं एक प्रकरण. चोपडा तालुक्यातून आजोबा, मुलगा आणि नातू असे तिघे लेखकाच्या जळगावच्या घरी आले. नातवाला इतर मागासवर्गाचा दाखला हवा होता. प्लास्टिकच्या पिशवीतून तीन कागद निघाले. आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनाव ‘पिंजारी’, मुलाच्या दाखल्यावर ‘शेख’, नातवाच्या दाखल्यावर ‘मन्सूरी’. बाप, आजा आणि नातू, घर एक, चूल एक, आणि आडनावं तीन. खिडकीवरच्या माणसाने विचारलं होतं, ‘यातले तुम्ही नक्की कोण?’ सगळ्यांनी सांगितलं की आडनावांचं काम करणारे एक सर आहेत, त्यांच्याकडे जा. म्हणून आले.

आधी नावाचा उलगडा. पिंजारी म्हणजे कापूस पिंजणारा. एवढं सांगून पुढे जाता आलं असतं, पण जाता येत नाही. कारण चांगले शिकलेसवरलेले लोकही ठामपणे सांगतात की पिंजारी म्हणजे पिंजरे करणारा. कुणी त्याचा संबंध पिंजरेशी, म्हणजे कुंकवाशी, लावतो. एका गृहस्थांनी तर शांतारामबापूंच्या १९७२ च्या सिनेमाचाही दाखला दिला. वास्तविक उत्तर प्रत्येक मराठी माणसाच्या तोंडात रोज असतं. पोरीचे केस कसे असतात? पिंजारलेले. पोलीस जंगलाचं काय करतात? पिंजून काढतात. एकमेकांना घट्ट धरून बसलेले तंतू सुटे करणं, हा त्या क्रियापदाचा अर्थ. कापसाच्या धनुकलीला संस्कृतातही ‘पिंजन’ म्हणत. त्या धातूला ‘-कार’ लागला, क झिजला, आणि कुंभकाराचा कुंभार झाला तसा पिंजारा झाला. पुढे रंगारी, पुजारी यांच्या रांगेत बसून पिंजारी. राजवाड्यांचा धातुकोश १९३७ साली धुळ्याच्याच राजवाडे संशोधन मंडळाने छापला. इतिहासाचार्य १९२६ च्या डिसेंबरात धुळ्यातच वारले, तेव्हा त्यांना हा विषय परका नव्हता. व्युत्पत्ती लावायला बसले की ते कुठल्याही शब्दाला संस्कृतात बिऱ्हाड मिळवून देत. इथे मात्र एवढ्या खटाटोपाचीही गरज नाही.

हे काम आता फार थोड्यांनी डोळ्यांनी पाहिलं असेल, म्हणून सांगतो. (‘सांगतो’ चालेल, क्रियापदात ‘मी’ लपतो.) छताच्या कडीला किंवा बांबूला दोरीने टांगलेली पुरुषभर लांबीची लाकडी धनुकली, म्हणजे पिंजण. तिला जनावराच्या आतड्याची तांत ताणून बांधलेली. डाव्या हाताने पिंजण तोलायची, तांत कापसाच्या ढिगात अर्धी बुडवायची आणि उजव्या हातातल्या दोन्हीकडे गोळे असलेल्या लाकडी ठोकळ्याने तिला ठोसा द्यायचा. तांत थरथरते आणि थरथरताना आजूबाजूचे तंतू उडवते. कापूस ढगासारखा फुगतो, धूळ आणि पानाचा चुरा खाली पडतो. पिंजाऱ्याच्या नाकातोंडावर फडकं, भुवया पांढऱ्या. आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी ‘टंग... टंग-टंग’ ऐकू आलं की बायका जुन्या गाद्या ओट्यावर आणून टाकत. मग पिंजलेला कापूस खोळीत भरायचा, काठीने सारखा करायचा, दाभणाने टाके घालायचे. विजेवर चालणारं पिंजणयंत्र आलं, पाठोपाठ फोमच्या गाद्या आल्या. आता हा धंदा जिथे टिकलाय तिथे दुकानावर ‘गादी कारखाना’ अशी पाटी असते.

खान्देशात पिंजारी भरपूर का, याचं उत्तर जमिनीत आहे. तापीकाठची काळी जमीन कापसाची. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा खान्देशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे इथून पुढे सरकली. पुढे जळगावला खान्देश मिल झाली, अमळनेरला प्रताप मिल. परंतु गिरणी आणि पिंजारी ही दोन वेगळी जगं. इथे शब्द नीट वापरायला हवेत, आणि इथेच वाचक कंटाळतो याची लेखकाला कल्पना आहे. झाडावरून येतो तो कापूस. जिनमध्ये त्यातली सरकी वेगळी केली की उरते ती रुई. पिंजारी सरकी काढत नाही. तो सरकी निघाल्यानंतरचा माणूस, तोही मुख्यतः गादी-रजईचा आणि पूर्वी हातसुताच्या पेळूंसाठीचा. ही बारीक रेघ पुढे उपयोगी पडणार आहे.

आता नकाशा. तो लेखकाने हाताने रंगवला आहे, आणि त्याचा त्याला थोडा अभिमान आहे. कापूस पिंजणं हा धंदा निम्म्या भारतात होता, आणि तो करणारे बहुतेक ठिकाणी मुसलमान. नावं मात्र जागोजाग बदलतात. धुळे, नंदुरबार, जळगाव या पट्ट्यात पिंजारी. सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडे आणि खाली उत्तर कर्नाटकात तोच माणूस नदाफ. हा अरबी शब्द. ‘नद्दाफ’ म्हणजे धनुकलीने कापूस पिंजणारा. तेलुगू मुलखात दूदेकुला. दूदी म्हणजे कापूस. उत्तरेत धुनिया. गुजरातेत आणि सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशात मन्सूरी. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांताच्या जातींवर ग्रंथ लिहिला, तेव्हा बहना, पिंजारा, धुनिया ही तीन नावं त्यांना एकाच नोंदीत घालावी लागली. सीमारेषा अर्थात रुळासारख्या आखलेल्या नसतात. मराठवाड्यात पिंजारी आणि नदाफ एकाच तालुक्यात सापडतात.

असं जगात दुसरीकडेही घडलेलं आहे. इंग्लंडमध्ये विणलेलं लोकरी कापड पाण्यात तुडवून घट्ट करणारा कारागीर असे. उत्तरेकडे त्याचं आडनाव वॉकर पडलं, आग्नेयेला फुलर, नैर्ऋत्येला टकर. धंदा एक, बोली तीन, म्हणून आडनावं तीन. आणि आपल्या पिंजाऱ्याचा सख्खा इंग्रज भाऊ म्हणजे टोझर. लोकर पिंजणारा तो टोझर. दुर्मीळ आडनाव, आणि त्याचा मुख्य गोतावळा एका डेव्हन परगण्यात. फरक एवढाच की इंग्लंडमधली आडनावं मध्ययुगातच गोठत आली. आपल्याकडे ती शाळेच्या रजिस्टरात गोठली, म्हणजे काही घरांत कालपरवा.

हे गोठणं लोकांच्या लक्षात येत नाही. लोक समजतात की आडनाव रक्तातून वाहत येतं. ते येतं मास्तरांच्या टाकातून. पहिलीत नाव घालायला आलेल्या बापाला मास्तर विचारत, ‘तुम्हनं आडनाव काय शे?’ त्याला आडनाव नसेच. गावात त्याला ज्या नावाने हाक मारत ते मास्तर आपल्या भाषेत लिहून टाकत. मराठी मास्तराने पिंजारी लिहिलं. तोच माणूस मिरजेत असता तर नदाफ लिहिला गेला असता. म्हणून हा नकाशा पिंजाऱ्यांचा जेवढा आहे तेवढाच लिहिणाऱ्यांचाही आहे.

चोपड्याच्या तीन कागदांचं कोडं यानेच सुटलं. आजोबांना घातलं मराठी शाळेत, म्हणून पिंजारी. त्यांच्या मुलाच्या वेळी मास्तरांनी बापाच्या नावाआधीचा ‘शेख’ उचलून शेवटी नेऊन ठेवला. नातवाचं आजोळ बऱ्हाणपूरचं. पहिली दोन वर्षं तो तिथे शिकला आणि तिथल्या मास्तरांना पिंजारी म्हणजे मन्सूरीच माहीत. बऱ्हाणपूर ही फारुकी सुलतानांच्या खान्देशाची राजधानी. आज ती राज्याच्या हद्दीपलीकडे आहे आणि आडनाव त्या हद्दीवर बदलतं.

आता मन्सूरीबद्दल. या वादात लेखकाने दोन मित्र गमावले आहेत, तरी लिहायलाच हवं. मन्सूरी मंडळी आपलं नाव बगदादच्या सूफी मन्सूर हल्लाजवरून आल्याचं सांगतात. इसवी सन ९२२ मध्ये त्याला बगदादेत देहदंड झाला. ‘हल्लाज’ हे धंद्याचंच नाव, म्हणून नातं जोडणं साहजिक. पण पहिली गोष्ट, त्याचं नाव मन्सूर नव्हतंच. तो हुसेन, मन्सूर त्याचा बाप. जगाने मुलाला बापाच्या नावाने ओळखलं. दुसरी गोष्ट, काटेकोर अरबीत हल्लाज म्हणजे सरकी काढणारा आणि नद्दाफ म्हणजे पिंजणारा. फरीदुद्दीन अत्तारने सांगितलेली आख्यायिकाही अशीच, की हुसेनने नुसती खूण केली आणि कापसातली सरकी आपोआप वेगळी झाली. म्हणजे ते काम जिनचं, पिंजणीचं नव्हे! (वरची बारीक रेघ आठवावी.) प्रत्यक्ष बोलण्यात हल्लाज दोन्ही अर्थांनी चाले, हा मित्रांचा मुद्दा, तो लेखकाला मान्य आहे, पण मनापासून नाही.

तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मन्सूरी हे धंद्यातून आपोआप पडलेलं नाव नव्हे, ते निवडलेलं नाव आहे. विसाव्या शतकात कारागीर मुसलमानांनी धंद्याची हिणवली जाणारी नावं टाकून आदराची नावं घेतली. विणकर मोमीन-अन्सारी झाले. धुळ्याहून मालेगावला उतरलात की प्रत्येक दुसऱ्या पाटीवर अन्सारी दिसेल. खाटीक कुरेशी झाले, न्हावी सलमानी, शिंपी इद्रिसी. पिंजाऱ्यांनी मन्सूर घेतला. यावर ‘मूळ नाव लपवतात’ असं नाक मुरडणाऱ्यांनी आधी आपल्या घरात बघावं. खान्देशातल्या तेल्यांची किती घरं आज चौधरी लिहितात? बहिणाबाई असोद्याच्या महाजनांची लेक आणि जळगावच्या चौधऱ्यांची सून. दोन्ही आडनावं मानाच्या पदांची, आणि दोन्ही घरं शेतकऱ्यांची. तिथे कुणी विचारत नाही, ‘यातल्या तुम्ही नक्की कोण?’

लेखकाने त्या कुटुंबाला दोन पानी टिपण करून दिलं : तिन्ही नावं, त्यांचे अर्थ, नकाशाची छोटी प्रत. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि आजोबांचा दाखला त्याआधीचा होता, हे भाग्य. पण टिपणावर सही करताना हात अडखळला, तो अजून टोचतो. आयुष्यभर ज्याने ओरडून सांगितलं की आडनाव हा जातीचा पुरावा नाही, तोच एका आडनावाचा पुरावा म्हणून वापर करून देत होता. वाक्यं सगळी खरी होती. तरी त्यांची बेरीज खिडकीपलीकडे कुणीतरी वेगळीच करणार, हे सही करणाऱ्याला माहीत होतं.

त्या दिवशी आजोबांनी टिपण वाचून घेतलं, दोनदा. मन्सूर हल्लाजच्या परिच्छेदावर त्यांनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. ‘नाव काहीबी लिखा, धंदा एकच शे,’ एवढं म्हणाले. मग लेखकाची एक चूक काढली. टिपणात लिहिलं होतं, ठोकळा तांतेवर ‘मारतात’. म्हणाले, मारत नाहीत. ठोकळ्याच्या कडेने तांत ओढून सोडतात. मारली तर तुटते. बसल्या जागी हवेत करून दाखवलं, मनगटाचा एक झटका आणि बोटं उघडी. वर या लेखात ‘ठोसा’ लिहिलंय तेही त्यामुळे चूकच. सवयीने लिहिलं गेलं.

निघताना मुलाने दारात थांबून विचारलं, ‘सर, आणखी एक. धाकट्या भावाला पोरगी झालीय. जन्मदाखल्याचा फॉर्म उद्या भरायचाय. काय लिहू?’ लेखकाने तिन्ही नावं शुद्धलेखनासह एका चिठ्ठीवर लिहून दिली आणि ‘पिंजारी’तल्या काना‍खाली दोनदा रेघ ओढली, कारण तो काना पडला की संगणकात ‘पिंजरी’ होतं आणि मग पुन्हा पिंजरे करणाऱ्यांची गोष्ट सुरू होते. त्याने चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढला. चोपड्याची गाडी सव्वापाचला होती.