आत्याच्या गोळ्या

लोहारा तालुक्यातल्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं मोजकीच. मी मिरजेच्या वानलेस हॉस्पिटलात नर्सिंग शिकले, पुढे सरकारी नोकरीत लागले, त्यामुळे मंडळीत कुणाला काही झालं की पहिला फोन मला येतो. आत्याच्या क्षयाची शंका मलाच आधी आली. न हटणारा खोकला, संध्याकाळची कणकण, उतरलेलं वजन. उमरग्याला थुंकी तपासली, निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या. लघवी केशरी झालेली बघून ती पहिल्यांदा घाबरली. तो रिफॅम्पिसिनचा रंग असतो, हे तिला समजावून सांगावं लागलं.

दोन महिन्यांत ताप गेला आणि भाकरी गोड लागू लागली. क्षयाचा पेशंट नेमका इथंच फसतो, कारण जंतू अजून जिवंत असतात आणि माणसाला बरं वाटत असतं. त्याच सुमारास शेजारच्या तालुक्यात बाहेरून आलेल्या एका प्रचारकाची चंगाई सभा भरली. त्यांनी आत्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि यापुढं गोळ्या घेणं म्हणजे प्रभूवर अविश्वास दाखवणं, असं सांगितलं. आत्यानं घरी येऊन गोळ्यांची पाकिटं ट्रंकेत टाकली.

मला कळलं तेव्हा खोकला परतला होता. मी गेले तर म्हणाली, "प्रभूनं हात ठिवला माझ्यावर. आता गोळी गिळली तर माझा विश्वास लटका ठरंल की गं."

मला संताप आला, आजही येतो. तो प्रार्थनेवर नाही. मिरजेत सर्जन टेबलाशी उभे राहून आधी प्रार्थना करत, मगच चाकू हातात घेत, आणि त्यात कुणाला विसंगती वाटत नसे. आमच्या जिल्ह्यात आजारपणात आई भवानीला नवस बोलतात, धाराशिवला ख्वाजा शमशुद्दीन गाझींच्या दर्ग्यात जातात, आणि आम्ही गुडघे टेकतो. येशूनं आंधळ्यांना दृष्टी दिली, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. संताप येतो तो आजाऱ्याच्या विश्वासाची परीक्षा घेऊन तिच्या तोंडचं औषध काढून घेण्याचा.

सभेत मार्कच्या शुभवर्तमानातली रक्तस्रावानं पिडलेली बाई सांगितली होती. बारा वर्षं आजार, वैद्यांवर सगळा पैसा गेला, गुण आला नाही, आणि येशूच्या वस्त्राला हात लावताच ती बरी झाली. हे सगळं शास्त्रात आहे. पण तिनं औषध सोडलं म्हणून ती बरी झाली, असं तिथं कुठंही नाही. पौलासोबत प्रवास करणारा लूक स्वतः वैद्य होता. पौलानं तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, त्रफिमाला मिलेतात आजारीच मागं ठेवावं लागलं, आणि स्वतःच्या शरीरातला काटा निघावा म्हणून त्यानं तीनदा विनवणी केली तरी तो निघाला नाही. पौलाचा विश्वास कमी होता, असं म्हणायची कुणाची छाती आहे?

कफर्णहूमच्या पक्षघाती माणसाची गोष्ट तर आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना समजावून सांगायलाच नको. तिथली घरं म्हणजे आमची माळवदंच: लाकडं, काटक्या आणि वर माती. चौघांनी ते छप्पर उकरलं आणि बाज खाली सोडली. येशूनं विश्वास पाहिला तो त्या चौघांचाही. अंथरुणावरच्या माणसाला, तुझा विश्वास किती, असं त्यानं विचारलंच नाही. मी आत्याला म्हटलं, तू दमलीस तर विश्वास आम्ही ठेवू, तू फक्त गोळी घे. ती ऐकून घेत होती, पण हलली नाही.

तिच्या मनात दुसरंच होतं. आपल्याच पापामुळं दुखणं उलटलं, असं तिला वाटत होतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात याच माळवदांखाली आमच्या भागातली हजारो माणसं गेली, तेव्हाही कुणाच्या पापाची शिक्षा म्हणून लोक कुजबुजायचे. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती काही इतरांपेक्षा जास्त पापी नव्हती, असं येशूनं स्वच्छ सांगितलं, हे लूकनं लिहून ठेवलंय. ते मी तिला वाचून दाखवलं. ती बराच वेळ रडली.

मग मी दहा कुष्ठरोग्यांवर आले. येशूनं त्यांना बरं करताना काय सांगितलं? जा, याजकांना दाखवा. मोशेच्या नियमाप्रमाणं कुष्ठरोगी शुद्ध झाला की नाही, हे याजकच अंग तपासून ठरवत असे. म्हणजे ज्यानं बरं केलं त्यानंच तपासणीला धाडलं. मी म्हटलं, "आत्या, तू बरी झाली असशील तर थुंकी तपासून घे. तपासणीनं प्रभूचा काही अपमान होत नाही."

यावर मात्र ती उठली. पदर खोचला आणि म्हणाली, "चल मग. दाखवू."

थुंकीत जंतू निघाले. नशिबानं रिफॅम्पिसिनला दाद न देणारा क्षय नव्हता. ती भीती मला सगळ्यात जास्त होती, कारण औषध अर्ध्यावर सुटलं की तो धोका वाढतो. डॉक्टरांनी पुन्हा कोर्स सुरू केला. या खेपेला आत्यानं एकही दिवस चुकवला नाही. गोळी तळहातावर घेऊन डोळे मिटायची, पुटपुटायची आणि मग पाण्याबरोबर गिळायची. कोर्स संपल्यावरची तपासणी स्वच्छ आली. रविवारच्या उपासनेत तिनं साक्ष दिली, त्यात प्रभूचं नाव होतं आणि उमरग्याच्या दवाखान्याचंही.

पाळकसाहेबांना, मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. आजाऱ्यावर हात ठेवा, तेल लावून प्रार्थना करा, याकोबाच्या पत्रात ते सांगितलेलंच आहे. पण घरातून निघताना गोळ्यांचं पाकीट मागून बघा आणि किती गोळ्या उरल्या ते मोजा. कुणी बरं झाल्याची साक्ष द्यायला उभं राहिलं तर आधी त्याला तपासणीला पाठवा. क्षयाची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.