सातबाऱ्यातले तक्ते

रत्नागिरीहून पूल ओलांडून माझ्याकडे भाट्याला डेटाबेस शिकायला मुलं येतात. पहिल्या दिवशी मी त्यांना संगणक उघडू देत नाही. घरचा सातबारा घेऊन या, म्हणतो. बहुतेकांनी तो आजोबांच्या पिशवीत पाहिलेला असतो, वाचलेला नसतो. पुस्तकांत ग्राहक आणि ऑर्डर यांची उदाहरणं असतात, पण ती इतकी धुऊनपुसून ठेवलेली की डिझाइन करण्याजोगं त्यांत काही उरतच नाही.

एका कागदावर येतो म्हणून सातबारा हा एकच तक्ता वाटतो. पण गाव नमुना 7 वेगळा आणि गाव नमुना 12 वेगळा. सातात जमीन कुणाची ते, बारात तिच्यात काय पिकलं ते. मालक पिढीतून एखाद्या वेळी बदलतो, पीक दर हंगामाला. दोन्ही एकत्र लिहायचं ठरवलं असतं, तर दरवर्षी पिकाबरोबर सगळ्या हिस्सेदारांची नावं पुन्हा उतरवावी लागली असती, आणि एखाद्या साली एक नाव राहिलं की भाऊबंदकी पेटलीच! नॉर्मलायझेशन म्हणजे हेच टाळणं. सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर मिळून जमीन ओळखायची. बारासाठी त्याला वर्ष, हंगाम आणि पीक जोडायचं. एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना रिलेशनल मॉडेलवरचा निबंध 1970 साली प्रसिद्ध केला; गावनमुने त्याच्या कितीतरी आधीचे. म्हणून कॉडचं श्रेय तलाठ्याला देऊन टाकायचं कारण नाही. तलाठ्याला चांगली शिस्त होती, कॉडने तिच्याखाली संचांचं गणित घातलं. त्यामुळे दोन वह्या जोडून असे प्रश्न विचारता येऊ लागले, जे वह्या आखणाऱ्याच्या मनातही आले नव्हते.

खरी मजा खातेदारांपाशी. मुलं तक्ता काढतात आणि पूर्ण नावालाच प्रायमरी की करतात. मग मी विचारतो, तुमच्यात नातवाला आजोबांचं नाव ठेवतात ना? विष्णू गणेश, त्याचा मुलगा गणेश विष्णू, त्याचा मुलगा पुन्हा विष्णू गणेश. आडनाव तेच, घर तेच. वारसनोंद झालेली नसेल तर कागदावरचा विष्णू कुठला, हे मुंबईच्या काकांना विचारावं लागतं. नावाऐवजी ज्याला स्वतःचा काहीच अर्थ नाही असा एक क्रमांक माणसाला द्यायचा, हे तिथं पटतं. पुढचा प्रश्न: दोन आण्यांचा हिस्सा कुठं लिहायचा? माणसाच्या तक्त्यात लिहावा तर त्याच्या पाच जमिनी, जमिनीच्या तक्त्यात लिहावा तर तिचे अकरा मालक. हिस्सा त्या जोडीचा असतो, म्हणून जोडीचा तिसरा तक्ता. सामाईक जमिनीच्या कोकणात हे समजवायला फळा लागत नाही.

सातावरच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात कूळ, सोसायटीचा बोजा, विहिरीचा हक्क, सगळं एकत्र नांदतं. मी पाहिलेल्या प्रत्येक डेटाबेसात असा एक ‘शेरा’ असतोच. तो काढून टाका म्हणणाऱ्यांतला मी नाही. आखणी करताना जे सुचलं नव्हतं ते कुठं तरी जायला हवं. फक्त कुणाच्या जमिनीवर किती बोजा, ही क्वेरी त्यावर चालणार नाही.

फेरफार मात्र मला फार आवडतो. तलाठी नोंद घेतो, संबंधितांना नोटिसा जातात, हरकतीची मुदत सरते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. तोवर सातबारा हलत नाही. ट्रान्झॅक्शन कमिट होणं शिकवायला मला याहून बरं काही सापडलेलं नाही. शिवाय जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर गेलेलं नाव खोडत नसत, कंसात टाकत आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा नंबर लिहीत. त्या नंबराचं बोट धरून मागं जाता येतं. अपडेट मारून जुनं गाडून टाकणारे तक्ते हल्ली सर्रास दिसतात. ते मला सहन होत नाहीत.

बारावर ‘नारळ’ आणि क्षेत्र एवढं लिहिलं की महसुलाचं भागतं. आमच्या भाट्यातल्या प्रादेशिक नारळ संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी तेवढ्याने भागणार नाही. मातृवृक्ष निवडायचा तर माडागणिक, वर्षागणिक नारळ मोजलेले हवेत. तिथं एक ओळ म्हणजे एक माड. जमीन तीच, पण विचारणारा बदलला की ओळीचा अर्थ बदलतो. तो आधी ठरवून घ्या, रकान्यांची नावं मागाहून, हे मी सारखं बजावतो.

शेवटी एक प्रश्न सोडवायला देतो. 2021 च्या तौक्ते वादळात माड पडला. त्याची ओळ काढायची का? अर्धी मुलं म्हणतात काढायची, झाड नाही तर ओळ कशाला? बाकीची विचारतात, मग आधीच्या वर्षांत पाडलेल्या नारळांच्या नोंदी कुणाच्या नावावर ठेवायच्या? वाद रंगला की मी चहा टाकायला आत जातो.