चैत्रातलं आमचं परसदार

परवा शाळेत ऋतूंचा धडा घेत होते. 'चैत्र-वैशाख म्हणजे वसंत' असं फळ्यावर लिहिलं, तर पहिल्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, पण हा तर उन्हाळा आहे!" आता काय सांगणार त्याला? आमच्या जालन्यात चैत्र अर्धा सरतो तोवर पारा चाळिशीला टेकतो आणि कुंडलिकेच्या पात्रात नदी शोधावी लागते. पण मैत्रिणींनो, माझ्या परसाला खरी बहार येते ती याच दिवसांत.

परस म्हणजे काही मोठी बाग नव्हे हं. जुन्या जालन्यातल्या घरामागची जेमतेम पंधरा बाय वीस फुटांची जागा. पाडव्याला गुढीसाठी डहाळी तोडली तेव्हापासून कडुनिंब फुलतोच आहे. सकाळी केरसुणी घेऊन जावं तर बारीक पांढऱ्या फुलांचा सडा पडलेला, झाडवत नाही. (झाडते अर्थात, मुंग्या होतात!) शेवग्याच्या शेंगा शेजारणींना वाटूनही उरतात. आणि स्वयंपाकघराच्या दाराशी मोगरा.

मोगऱ्याचं मात्र आपोआप होत नाही, बरं का. माघात त्याची छाटणी करायची, पानं काढायची आणि पंधरा दिवस पाणी तोडायचं. मग मुळाशी शेणखत घालून पुन्हा पाणी सुरू. चैत्र लागला की कळ्या धरतात. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला डाळ-पन्ह्याबरोबर घरच्या मोगऱ्याचा गजरा देता आला, की मला अगदी श्रीमंत झाल्यासारखं वाटतं.

माझं माहेर कोल्हापूरचं. पंचगंगेकाठची मी, पाणी मोजायचं असतं हे ठाऊकच नव्हतं. लग्न होऊन आले आणि पहिलाच उन्हाळा २०१३ चा. त्या दुष्काळात शहराला पाणी देणाऱ्या निजामकाळातल्या घाणेवाडी तलावाचा तळ दिसला. आमच्या गल्लीत आठ दिवसांनी टँकर यायचा, घरटी दोन पिंपं. बियाण्यांचं गाव म्हणून जालन्याचं नाव देशभर. दुकानात हव्या त्या बियांची पाकिटं मिळत होती, पण पेरून घालणार काय?

परसात तेव्हा मामंजींनी लावलेलं मोसंबीचं झाड होतं. सासऱ्यांना जाऊन दोनच वर्षं झालेली. सासूबाईंनी सांगून टाकलं, "धुवणाचं पाणी तुळशीला, कढीपत्त्याला आणि मोगऱ्याला. मोसंबीला नाही." मला फार राग आला. नवऱ्याच्या हातचं झाड, आणि यांना काहीच कसं वाटत नाही? मग मी रात्री सगळे झोपले की पिंपातली एक कळशी गुपचूप मोसंबीच्या आळ्यात ओतू लागले.

पाचव्या दिवशी पिंप लवकर सरलं आणि चोरी उघडी पडली. सासूबाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अगं, एका कळशीनं त्याचे ओठसुद्धा ओले होत नाहीत. ते गेलंय. मला काय कळत नाही होय?" आणि पाठ फिरवून आत गेल्या. त्या वर्षी जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या, शेतकऱ्यांनी झाडं उपटून काढली. आमचं तर एकच. पावसाळ्यानंतर ते तोडलं, तेव्हा त्या देवघरातून बाहेर आल्या नाहीत.

पुढे जायकवाडीचं पाणी शहरात आलं, तरी नळावर भरवसा ठेवायची सवय मोडली ती मोडलीच. अजूनही तांदूळ, डाळ, भाज्या धुतलेलं पाणी बादलीत साठवते. साबणाचं मात्र झाडांना घालत नाही. आळ्यात कडुनिंबाच्या पाचोळ्याचा चांगला वीतभर थर देते, ओल टिकते. आणखी एक युक्ती. अक्षयतृतीयेला नवा माठ आला की जुना फेकू नका. झाडाजवळ मानेपर्यंत पुरून पाण्याने भरा, वर झाकण ठेवा. पाणी हळूहळू पाझरत मुळांशी जातं, चार दिवसांची निश्चिंती! उन्हाळ्यात आठवडाभर माहेरी जायचं झालं, तर जाताना माठ काठोकाठ भरा आणि शेजारणीला मध्ये एकदा भरायला सांगा.

असाच एक माठ गेल्या वर्षीपासून मोसंबीच्या नव्या कलमाशेजारी पुरलाय. हो, पुन्हा लावलं. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आमच्या परसात एकही झाड नसावं हे काही बरं दिसेना. कलम अजून गुडघ्याएवढंच आहे. सासूबाईंना आता नीट दिसत नाही, पण संध्याकाळी काठी टेकत येतात, माठात हात घालून पाणी कुठवर आहे ते बघतात.

यंदा माघात त्याला सहा फुलं आली होती. झाड लहान असताना फळं धरू देऊ नयेत म्हणून मी ती खुडून टाकली. सासूबाई दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.